प्रत, किल्ली आणि वारस

जुन्या मराठी वाङ्मयाचे अध्यापन करणाऱ्यांना 'प्रत' हा शब्द नवा नाही. मूळ प्रत, खंडित प्रत, पंथीय प्रत, एकनाथपूर्व प्रत अशा भेदांची चर्चा आपण वर्गात तासन्‌तास करतो. ती कोणी उतरवली, कोठे ठेवली, पुढे कोणाच्या हाती गेली, हे प्रश्न आपण काटेकोरपणे विचारतो. परंतु आपली स्वतःची टिपणे, अप्रकाशित प्रबंध, गावोगाव हिंडून केलेली ध्वनिमुद्रणे, कोणीतरी विश्वासाने हाती दिलेल्या पत्रांची छायाचित्रे यांच्याबाबतीत मात्र हेच प्रश्न आपल्याला सुचत नाहीत. 'संगणकात आहे' किंवा 'क्लाउडवर आहे' एवढ्या उत्तराने आपले समाधान होते.

प्रस्तुत लेखात आम्ही या उत्तराच्या पलीकडचा एक छोटा इतिहास पाहणार आहोत. गेल्या तीस वर्षांत जगातील काही मंडळींनी आपल्या फाइली कोणा कंपनीच्या हवाली न करता स्वतःच्या घरातील यंत्रांवर एकसारख्या ठेवण्याची, आणि त्यांच्या राखीव प्रती कुलूपबंद करून दूर ठेवण्याची साधने घडवली. हा इतिहास तांत्रिक आहे हे खरे. पण त्यातील प्रश्न आपल्या ओळखीचे आहेत. प्रती किती असाव्यात? त्या कोणाला वाचता याव्यात? आणि आपल्यानंतर त्या कोणी उघडायच्या? आमच्या मते पहिल्या दोन प्रश्नांना या साधनांनी फार चांगली उत्तरे दिली आहेत. तिसरा प्रश्न त्यांनी सोडवलेला नाही, उलट अधिक अवघड करून ठेवला आहे.

आरंभ ऑस्ट्रेलियापासून करावा लागेल. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत काम करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये 'आरसिंक' नावाची एक आज्ञावली प्रसिद्ध केली. त्या काळी दूरध्वनीच्या तारेवरून मोठी फाइल पाठवणे हे अर्ध्या दिवसाचे काम होते. दोन ठिकाणी एकाच फाइलची थोडीशी वेगळी रूपे असतील तर संपूर्ण फाइल पुन्हा पाठवण्याऐवजी केवळ फरक पाठवता येईल काय, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर साधे आणि देखणे होते. जुन्या प्रतीचे लहान लहान खंड पाडायचे, प्रत्येक खंडाची एक आकडेवजा खूण काढायची, त्या खुणा पलीकडे पाठवून नव्या प्रतीशी ताडून पाहायच्या, आणि जेथे मेळ बसत नाही तेवढाच मजकूर तारेवरून धाडायचा. दोन पोथ्या समोर ठेवून फक्त भिन्न पाठ टिपणाऱ्या संपादकाची रीत याहून फारशी निराळी नाही.

आरसिंकचा प्रवाह मात्र एकाच दिशेने वाहतो. एक प्रत प्रमाण मानून दुसरी तिच्यासारखी करायची. दोन्हीकडे बदल झाले तर काय, हा पुढचा प्रश्न. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात बेंजामिन पिअर्स यांच्या पुढाकाराने 'युनिसन' ही आज्ञावली तयार झाली, ती याच प्रश्नावर. एकच लेख घरच्या संगणकावर सुधारला आणि महाविद्यालयातल्या संगणकावरही सुधारला, तर कोणता खरा? युनिसन हा निर्णय स्वतः घेत नाही; माणसाला विचारते. पुढील काळातील साधनांनीही हाच संयम पाळला. उदाहरणार्थ, 'सिंकथिंग' हे साधन अशा वेळी दोन्ही रूपे राखते, आणि जुन्या रूपाच्या नावात संघर्षाची खूण, तारीख व वेळ घालून ते बाजूला ठेवते.

शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, हे आपण शिकवतो. त्या कार्याबद्दल कृतज्ञता बाळगूनही संशोधकाला एक हुरहुर लागून राहते, ती अशी की एकनाथांनी जे पाठ गाळले ते कोणते होते? संघर्षातील दोन्ही रूपे तारखेसह जपून ठेवणाऱ्या यंत्राचे मोल पाठचिकित्सकाला अधिक कळावे ते यामुळेच.

२००७ मध्ये अमेरिकेत ड्रू ह्यूस्टन आणि अराश फिरदौसी यांनी 'ड्रॉपबॉक्स' स्थापन केली. बॉस्टनहून न्यूयॉर्कला बसने जाताना आपला पेनड्राइव्ह घरीच राहिल्याचे लक्षात आले आणि त्या चडफडाटातून कल्पना सुचली, असे ह्यूस्टन सांगत आले आहेत. पुढच्या वर्षी ही सेवा सर्वांसाठी खुली झाली आणि सिंक ही गोष्ट जाणकारांपुरती उरली नाही. एक फोल्डर, त्यात काहीही ठेवा, ते सगळीकडे दिसेल. या सोयीची किंमत अशी की प्रत आता तिऱ्हाइताच्या कोठारात होती आणि त्या कोठाराच्या किल्ल्याही त्याच्याचकडे होत्या. १९ जून २०११ रोजी एका चुकीच्या बदलामुळे सुमारे चार तास ड्रॉपबॉक्सच्या खात्यांत कोणताही परवलीचा शब्द घालून शिरता येत होते. फार थोड्या खात्यांना त्याची प्रत्यक्ष झळ लागली, हे मान्य. तथापि कुलूप कोणाच्या दारावर आहे याची जाणीव अनेकांना झाली. २०१३ च्या जूनमध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी टेहळणीची कागदपत्रे उघड केली आणि ती जाणीव तीव्र झाली.

पर्यायाची तयारी त्याआधीच सुरू होती. जर्मनीचे फ्रँक कार्लिचेक यांनी २०१० च्या जानेवारीत 'ओनक्लाउड'ची घोषणा केली. ड्रॉपबॉक्ससारखी सोय, पण सर्व्हर तुमचा, तुमच्या घरातला. मतभेदांनंतर २०१६ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेक्स्टक्लाउड' ही नवी शाखा काढली. स्वीडनच्या याकोब बोर्ग यांनी २०१३ च्या अखेरीस सिंकथिंग प्रसिद्ध केले. त्यात मध्यवर्ती कोठारच नाही. घरातला संगणक, हातातला फोन, भावाच्या घरचे जुने यंत्र ही एकमेकांना ओळखतात आणि थेट एकमेकांशी बोलतात. दरम्यान २९ फेब्रुवारी २०१२ रोजी 'रास्पबेरी पाय' हा तळहाताएवढा, ३५ डॉलरचा संगणक बाजारात आला, आणि घरात अहोरात्र चालू राहणारे यंत्र ठेवणे मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आले. प्रतीची मालकी घरी परत आली, असे म्हणता येईल.

येथे एका भेदाकडे लक्ष वेधायला हवे, कारण भल्याभल्यांचा घोळ याच जागी होतो. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंकचे काम सर्व प्रती एकसारख्या ठेवणे हे असल्यामुळे एका ठिकाणी फाइल पुसली गेली की ती सर्व ठिकाणी पुसली जाते. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' या खंडणीखोर आज्ञावलीने जगभरचे संगणक वेठीस धरले. अशा प्रसंगी सिंक केलेली प्रत निमूटपणे त्याच विद्रूप रूपात बदलते. बॅकअप म्हणजे काळाच्या विविध टप्प्यांवरील रूपे मागे राखणे. कालची, गेल्या महिन्याची, गेल्या वर्षीची प्रत जशी होती तशी सापडली पाहिजे.

किती प्रती पुरेशा, याचा एक सुटसुटीत नियम पीटर क्रोग या छायाचित्रकाराने घालून दिला. तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात, आणि त्यांतील एक निराळ्या ठिकाणी असावी. निराळ्या ठिकाणाचे महत्त्व पुणेकरांना सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून मुठेचे पाणी पेठांत शिरले तेव्हा एका घरातील दोन प्रतींचे भवितव्य एकच होते. याउलट १९९८ मध्ये पिक्सार या चित्रपटसंस्थेत 'टॉय स्टोरी २' च्या बहुतेक फाइली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या आणि राखीव प्रतीही कामाच्या नाहीत असे आढळले, तेव्हा चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकामुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या, म्हणून चित्रपटाची बरीचशी अलीकडची प्रत त्यांच्या घरी होती. हा संगणक घोंगड्यांत गुंडाळून मोटारीतून स्टुडिओत आणला गेला.

या प्रसंगाचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा. बॅकअप पिक्सारकडे होता, पण तो उघडून कोणी पाहिला नव्हता. ३१ जानेवारी २०१७ रोजी 'गिटलॅब' या संस्थेत चुकीच्या सर्व्हरवरील विदा पुसला गेला तेव्हा बॅकअपच्या पाच निरनिराळ्या व्यवस्थांपैकी एकही धड चालत नव्हती. सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेल्या एका प्रतीवर काम भागवावे लागले. जी राखीव प्रत कधी उघडून वाचलेली नाही ती आहे असे म्हणण्यात अर्थ नाही.

आता किल्लीकडे वळू. दूर ठेवलेली प्रत परक्याच्या हाती पडू शकते. म्हणून ती घराबाहेर पडण्यापूर्वीच कूटलिपीत बदलली पाहिजे. सामान्य माणसाच्या हाती हे सामर्थ्य १९९१ मध्ये आले, फिल झिमरमन यांच्या 'पीजीपी' या आज्ञावलीतून. अमेरिकी कायद्याने त्या काळी समर्थ कूटलेखनाची गणना युद्धसामग्रीत केली होती. ते परदेशी जाऊ दिल्याच्या संशयावरून झिमरमन यांची चौकशी १९९३ पासून १९९६ च्या आरंभापर्यंत चालली आणि आरोप न ठेवता संपली. दरम्यान १९९५ मध्ये एमआयटी प्रेसने पीजीपीची संपूर्ण आज्ञावली ग्रंथरूपात छापली. चकतीवरील आज्ञावली हे शस्त्र, पण छापील ग्रंथ हे भाषण! १९९७ मध्ये नव्या आवृत्तीची छापील पाने युरोपात स्कॅन करून तिची आज्ञावली पुन्हा उभी करण्यात आली. मुद्रणस्वातंत्र्याच्या इतिहासात या पानांची नोंद व्हायला हवी.

२००१ मध्ये दोन बेल्जियन तज्ज्ञांनी, योआन डेमेन आणि व्हिन्सेंट रायमेन यांनी, रचलेली पद्धती 'एईएस' या नावाने अमेरिकेचे अधिकृत मानक झाली आणि आज ती जवळजवळ सर्वत्र वापरात आहे. २०१५ च्या आगेमागे पुढे आलेली 'बोर्ग' आणि 'रेस्टिक' ही साधने आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. ती फाइलींचे खंड पाडतात, तोच खंड पुन्हा आला तर दुसऱ्यांदा साठवत नाहीत, आणि प्रत्येक खंड आपल्या यंत्रावरच कुलूपबंद करून मग बाहेर पाठवतात. ज्याच्या घरी ही प्रत राहते त्याला त्यातले अक्षरही वाचता येत नाही. मित्रावर विश्वास ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही. त्याच्याकडून फक्त जागा हवी असते.

आणि येथे आम्हांला महानुभाव पंथाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरांच्या आठवणी भक्तांना भेटून गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या एका धाडीत मूळ पोथी नष्ट झाली आणि हिराइसेसारख्या अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, असे पंथीय परंपरा सांगते. लीळाचरित्राच्या पाठभेदांचा उगम या पुनर्रचनेत आहे. त्यानंतर पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत उतरवण्यास आरंभ केला. सकळ, सुंदरी, पारमांडल्य, अंक, वज्र अशी त्यांची नावे आपल्या परिचयाची आहेत. सकळ लिपीचे जनकत्व रवळोबासांकडे दिले जाते. यामागे ग्रंथांचे पावित्र्य राखण्याचा हेतू होता की परक्यांपासून रक्षणाचा, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पण व्यवस्था पाहा. पंथाचे मठ महाराष्ट्राबाहेर पंजाबपर्यंत, त्याही पलीकडे काबूलपर्यंत पसरले, आणि त्यांच्याबरोबर पोथ्याही गेल्या. अनेक प्रती, दूरदूरच्या ठिकाणी, कूटलिपीत! आणि किल्ली? ती गुरूकडून शिष्याकडे जात राहिली.

या व्यवस्थेची किंमत मराठी वाङ्मयेतिहासाने मोजली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत आपल्या आद्य गद्याला आपल्याच इतिहासात जवळजवळ स्थान नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली. पुढे पंथातील महंतांच्या सहकार्याने वि. ल. भावे, य. खु. देशपांडे आदींनी हे दालन खुले केले. ते शक्य झाले याची कारणे दोन. एक, अक्षराच्या जागी दुसरे अक्षर वा चिन्ह घालणारी लिपी चिकाटीपुढे हार मानते. दोन, राजवाड्यांना ती उलगडता आली नसती तरी किल्ली जाणणारी माणसे मठांत हयात होती.

आजच्या कूटलेखनापुढे यांतील पहिला मार्ग बंद आहे. एईएसने कुलूपबंद केलेली प्रत शंभर वर्षांनी एखाद्या व्यासंगी माणसाने कंदिलाच्या उजेडात बसून सोडवावी, ही कल्पनाच करता येत नाही. आपल्या हस्तलिखितांना जसे राजवाडे भेटले तसे या प्रतींना भेटणार नाहीत. उरतो तो दुसरा मार्ग, म्हणजे किल्ली जाणणारे माणूस. आणि त्या माणसाची योजना कोणतीही आज्ञावली करत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. आमच्या परिचयातील एका निवृत्त प्राध्यापकांनी जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण वीस-बावीस वर्षे केले होते. गाणाऱ्या बहुतेक आजीबाई आता हयात नाहीत. सरांनी सर्व साहित्य शिस्तीने जपले. दोन डिस्क, एक मुलाच्या घरी, दोन्ही कूटलेखन केलेल्या. सरांच्या निधनानंतर मुलाने त्या आमच्यापुढे ठेवल्या. डिस्क उत्तम स्थितीत आहेत. परवलीचा शब्द कोणालाच ठाऊक नाही. घरच्यांनी सुचेल ती नावे, तारखा, गावे घालून पाहिली. त्या ओव्या तेथे आहेत, आणि त्या कोणालाही ऐकू येणार नाहीत. विशेष हे की त्यांत गुप्त राखावे असे फारसे काही नव्हते. गाणाऱ्या बायकांनी तर त्या मोठ्या आवाजात, दार उघडे ठेवून गायल्या असतील.

म्हणून काय कुलूपबंद करावे आणि काय उघडे ठेवावे, हा विवेक प्रथम हवा. मुलाखतीत कोणी खाजगीत सांगितलेले, विश्वासाने सोपवलेली पत्रे, विद्यार्थ्यांचे गुण, घरचे कागद हे कूटलिपीतच असावेत. परंतु लोकगीते, जुन्या पोथ्यांची छायाचित्रे, प्रकाशित लेखन यांची सुरक्षा कुलपात नसून अनेक हातांत आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या तरी अभंग लोकांच्या मुखी होते, ही परंपरेने सांगितलेली कथा अखेरीस हेच सांगते.

जे कुलपात ठेवायचे त्याच्या किल्लीसाठी मार्ग आहेत, आणि ते महागही नाहीत. बोर्गमध्ये किल्ली कागदावर छापून ठेवण्याची सोय मुद्दाम केलेली आहे. रेस्टिकमध्ये एकाच कोठाराला अनेक परवलीचे शब्द देता येतात. आपला निराळा, पत्नीचा वा पतीचा निराळा, सहकाऱ्याचा निराळा. एकावरच भार नको असेल तर अदी शमीर यांनी १९७९ मध्ये मांडलेली युक्ती आहे. किल्लीचे पाच भाग करून पाच जणांना द्यायचे; कोणतेही तीन एकत्र आले की कुलूप उघडते, दोघांना मात्र काहीच कळत नाही.

घरी करायची व्यवस्था म्हणाल तर ती अशी. एक जुना संगणक वा रास्पबेरी पाय घरात, त्याला डिस्क आणि वीज गेल्यावर तग धरणारा लहानसा यूपीएस. सिंकथिंगने रोजचे लेखन फोन, लॅपटॉप आणि या यंत्रात एकसारखे. रात्री रेस्टिकने कूटलिपीतील बॅकअप परगावच्या सहकाऱ्याच्या घरच्या यंत्रावर, आणि त्याच्या फाइलींचा बॅकअप आपल्याकडे. आपल्याकडील अनेक आंतरजाल जोडण्यांत घराला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही; तेव्हा बाहेरून पोहोचण्यासाठी 'वायरगार्ड'सारखा खाजगी बोगदा लागतो, आणि तो बाहेरच्या एखाद्या यंत्रामार्फत न्यावा लागतो. एखादा जाणता विद्यार्थी शेजारी बसला तर एका रविवारचे काम आहे.

किल्ली मात्र त्या विद्यार्थ्याकडून मांडून घ्यायची गोष्ट नाही. ती कागदावर लिहून पाकिटात घालावी, आणि ते पाकीट कोठे आहे हे निदान दोघांना सांगावे. पाकिटात केवळ परवलीचा शब्द नसावा. कोणते यंत्र, कोणती आज्ञावली, आत काय आहे, त्यातले काय प्रसिद्ध करावे आणि काय नष्ट करावे, हेही साध्या मराठीत लिहिलेले असावे. खंडेनवमीला आपण आपल्या व्यवसायाची साधने पुसून पुजतो. त्या दिवशी वारसाला शेजारी बसवावे, स्वतः हात न लावता त्याच्याकडून परगावच्या प्रतीतील एक फाइल उघडून घ्यावी, आणि ती पूर्ण वाचून वा ऐकून पाहावी. उघडली नाही, तर दुरुस्त करायला आपण तेव्हा समोर असू.